सज्ञानांची सही

गेल्या महिन्यात आमच्या घरी एका कागदावरून पेच पडला. आमची भाची, वय वर्षे पंधरा, गेली दोन वर्षे आमच्याकडे देवनहळ्ळीस राहते. तिचे वडील रेल्वेत आहेत. दर बदलीबरोबर शाळा आणि शाळेबरोबर भाषा बदलावी लागते, ही गोष्ट ह्या मासिकाच्या वाचकांस आम्ही काय समजावून सांगावी! तेव्हा दहावी होईपर्यंत पोरीने मामाकडे राहावे असे ठरले, आणि शाळेच्या दप्तरात 'स्थानिक पालक' ह्या रकान्यात आमचे नाव लागले. आम्ही विमानतळाजवळच्या एका केंद्रीय कार्यालयात कारकून आहोत. कागदावर सही करणे, दुसऱ्याची सही घेणे आणि सही नसल्यास कागद परत पाठविणे ह्यांतच आमचा दिवस सरतो. साहजिकच शाळेचा कागद पुढे येताच आमचा हात पेनाकडे गेला. भाचीने कागदावर पंजा ठेवला आणि म्हणाली, "मामा, आधी वाचा तर!"

आम्ही वाचला. अकरा पाने होती. शाळेने प्रत्येक मुलास पाटीएवढा एक टॅब्लेट देण्याचे ठरविले होते. यंत्र एका खाजगी कंपनीचे, त्यातला अभ्यासही तिचाच, आणि हे सारे विनामूल्य. मुलगी किती वाजता अभ्यासास बसते, कोणत्या गणितावर अडते, किती वेळ अडते, तिची नजर पडद्यावर आहे की खिडकीबाहेर, हे सर्व कंपनीकडे नोंदले जाईल. ही नोंद कंपनीस आपल्या 'सहयोगी संस्थांना' देता येईल. आणि ह्या सर्वास पालकाची राजीखुशीची संमती आहे, असा अकरा पानांचा इत्यर्थ होता. गेल्या वर्षीही असाच एक कागद आला होता असे भाचीने स्मरण दिले. त्यावर आम्ही सही केली होती. न वाचता.

पोरीला ही शंका सुचली ती तिच्या वाचनामुळे. अलीकडे इंग्रजीत कुमारवयीन वाचकांसाठी एका विशिष्ट तऱ्हेच्या कादंबऱ्या विपुल निघतात. काळ उद्याचा, राज्य कुणा कंपनीचे किंवा कंपनीसारख्याच निर्दय राजधानीचे, वडील मंडळी मुकाट, आणि त्या सत्तेशी झुंज घेणारी मुले चौदा ते सतरा वर्षांची. आमच्या लहानपणी आम्ही भा. रा. भागवतांच्या फुरसुंगीकर फास्टर फेणेवर पोसलो. तोही मोठ्या संकटांत उडी घेत असे. पण त्याचे वैरी चोर, भामटे, तस्कर असत. ते पकडून दिले की वडीलधाऱ्यांचे जग पुन्हा ठाकठीक होई. ह्या नव्या पुस्तकांत वडीलधाऱ्यांचे जग हेच संकट असते. असल्या वाङ्मयाविषयी आमचा ग्रह फारसा अनुकूल नव्हता, हे कबूल करतो. तथापि भाचीच्या आग्रहाखातर आम्ही तीन पुस्तके वाचली, आणि तिसरे संपेपर्यंत तो ग्रह बराच ढिला झाला होता.

पहिले सुझान कॉलिन्स ह्या लेखिकेचे 'द हंगर गेम्स', २००८ सालचे. तेथे जुलूम राजधानीचा आहे. दर वर्षी प्रत्येक जिल्ह्यातून बारा ते अठरा वयाची दोन मुले चिठ्ठ्या टाकून निवडतात आणि मरेपर्यंत एकमेकांशी लढायला लावतात. राजधानी ते दृश्य चवीने पाहते. त्यातली लढाई इतरांस रुचेल. आम्हांस चटका लावून गेला तो चिठ्ठ्यांचा हिशोब. घरात धान्य नसेल तर मूल आपल्या नावाची एक चिठ्ठी जादा टाकू शकते. मोबदल्यात एका माणसाचे वर्षाचे जेमतेम धान्य आणि तेल मिळते. कॅटनिस नावाची नायिका सोळा वर्षांची आहे आणि मडक्यात तिच्या नावाच्या चिठ्ठ्या वीस आहेत. तिच्यावर कोणी सक्ती केलेली नाही. सारे काही तिच्या 'संमतीने' झालेले आहे.

दुसरे पुस्तक कोरी डॉक्टरो ह्यांचे 'फॉर द विन', २०१० सालचे. त्यात धारावीत राहणारी माला नावाची मुलगी आहे, म्हणून आम्ही ते अधिक आपुलकीने उघडले. संगणकावरच्या खेळांत खोटे सोने मिळविण्यासाठी गरीब देशांतली पोरे रात्रंदिवस राबतात, ते सोने खऱ्या पैशाला विकले जाते आणि मुलांच्या हाती चिल्लर पडते. पुढे चीन, हिंदुस्थान, सिंगापूर येथली ही पोरे मिळून कामगार संघटना काढतात. कथेपेक्षा अर्थशास्त्राचे पाठ जरा जास्त झाले आहेत. पण धारावीतली एक पोर जगातल्या बड्या कंपन्यांशी करारनाम्याची भाषा बोलू लागते, हे वाचून बरे वाटते.

तिसरे मात्र आमच्या मनातून जात नाही. एम. टी. अँडरसन ह्यांची २००२ सालची 'फीड'. त्या जगात बहुतेकांच्या मेंदूत लहानपणीच एक यंत्र बसविलेले असते. जाहिराती, बातम्या, गप्पा सगळे थेट डोक्यात. शाळादेखील कंपन्याच चालवितात. व्हायोलेट नावाची मुलगी कंपनीला चकविण्याचा एक गमतीदार उपाय करते. एकमेकींशी मेळ नसलेल्या वस्तूंची ती चौकशी करीत सुटते, जेणेकरून कंपनीला तिचे चित्र रेखाटता येऊ नये. पुढे तिचे यंत्र बिघडते आणि जीवावर बेतते. दुरुस्तीच्या खर्चाला मदत मागितली असता कंपनी ती नाकारते. कारण ह्या मुलीची आवडनिवड भरवशाची नाही! आता हिच्या डोक्यात ते यंत्र बसविले कोणी? हिच्या वडिलांनी. हे गृहस्थ विद्वान, यंत्राच्या विरुद्ध असलेले. स्वतः त्यांनी ते बसवून घेतले नव्हते. पण एकदा नोकरीच्या मुलाखतीत समोरची मंडळी आपापसांत मुक्यानेच बोलून त्यांना हसली. त्या दिवशी त्यांनी ठरविले की पोरीवर ही पाळी येऊ द्यायची नाही.

ही तीन पुस्तके झाल्यावर भाचीने विचारले, "मामा, ह्या सगळ्या गोष्टींत मोठी माणसे करीत काय असतात?" तेव्हा आम्हांस उत्तर देता आले नाही. आता वाटते, ते उत्तर तिच्या कागदावरच होते. मोठी माणसे सही करून मोकळी झालेली असतात.

आपल्या मराठी कायद्याच्या भाषेत अठरा वर्षांखालील व्यक्तीस 'अज्ञान' म्हणतात आणि त्यावरील व्यक्तीस 'सज्ञान'. सातबाराच्या उताऱ्यावर मुलाच्या नावापुढे 'अ. पा. क.' ही अक्षरे ज्यांनी पाहिली असतील त्यांना हे सांगणे नको. 'अज्ञान' ह्या शब्दाचा आम्हांला पूर्वी राग येत असे. सतरा वर्षांच्या हुशार मुलास हा शब्द लावणे बरे दिसत नाही. परंतु १८७२ च्या करारविषयक कायद्यात ह्या अज्ञानामागे मोठे कवच दडलेले आहे. अज्ञानास करार करता येत नाही. कलकत्त्याच्या धर्मोदास घोष ह्या मुलाने अज्ञान असताना आपली मालमत्ता सावकाराकडे गहाण टाकली, तेव्हा १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने तो करार मुळातूनच रद्दबातल ठरविला. म्हणजे अज्ञान हा आपल्या समाजातला असा एकच माणूस, ज्याने अजून कशावरही बांधून घेतलेले नाही. नोकरीच्या अटी, बँकेचे हप्ते, घराचा भाडेकरार, निवृत्तिवेतनाचे नियम ह्यांपैकी कशालाही त्याने रुकार दिलेला नाही. कादंबरीकार बंड करायला पंधरा वर्षांची मुले निवडतात ती त्यांच्या अंगी पराक्रम जास्त असतो म्हणून नव्हे, असे आम्हांस वाटते. सबंध राज्यात सही न केलेली तेवढीच माणसे उरलेली असतात.

पण कायद्याने अज्ञानास जे कवच दिले त्याला एक दार ठेवले आहे, आणि त्या दाराची किल्ली आमच्याकडे आहे. अज्ञानाची सही चालत नाही. त्याच्याऐवजी पालकाची चालते. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यातही अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यासाठी पालकाची पडताळून पाहता येईल अशी संमती लागेल असे ठरविले आहे. योजना चांगली आहे, ती करणाऱ्यांचा हेतूही चांगला आहे. मात्र ती पालक वाचतो असे गृहीत धरते.

देवनहळ्ळीत राहून ह्या प्रश्नाचा विचार करू लागले की पाय आपोआप किल्ल्याकडे वळतात. टिपू सुलतानाचा जन्म येथला. जन्मस्थानावर खांबांची एक लहानशी वास्तू आहे. रविवारी आम्ही भाचीला घेऊन तेथे गेलो होतो. हा किल्ला १७९१ साली कॉर्नवालिसने घेतला. कॉर्नवालिस कोणाचा नोकर होता? कंपनीचा. इ. स. १६०० मध्ये सनद मिळालेल्या एका व्यापारी मंडळीचा. ह्या कंपनीत पोरसवदा मुलांनाच कारकून म्हणून भरती करीत. रॉबर्ट क्लाईव्ह १७४४ साली मद्रासेस उतरला तो अठरा वर्षांचा कारकून म्हणूनच. आमच्या पेशातल्या माणसाने इतके नाव काढल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही, आणि ह्याचा अभिमान वाटावा असेही काही नाही.

पुढल्या वर्षी श्रीरंगपट्टणचा तह झाला. टिपूने अर्धे राज्य द्यावे, तीन कोटी तीस लक्ष रुपये द्यावेत, आणि पैसा फिटेपर्यंत आपले दोन मुलगे कंपनीकडे ओलीस ठेवावेत. थोरला दहाच्या आसपासचा, धाकटा त्याहून लहान. त्या कंपनीच्या छावणीशेजारी आपलीही छावणी होती. हरिपंत फडके तेथे होते, परशुरामभाऊ पटवर्धन ह्या मोहिमेत होते, आणि लुटीच्या वाटणीत मराठ्यांची सरहद्द तुंगभद्रेपर्यंत आली. शाळेत हे शिकताना आम्ही 'विजय' म्हणून पाठ केले. मुलांना मद्रासेस नेले. १७९४ साली ती बापाच्या स्वाधीन झाली ती ह्याच देवनहळ्ळीस. टिपू हा दयेस पात्र पुरुष होता की नव्हता ह्या वादात आम्ही शिरत नाही. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. आमचा प्रश्न त्या दोन पोरांपुरता आहे. शिक्का बापाचा, दोन वर्षे मुलांची. भाचीने विचारले, "त्यांना कोणी विचारले असेल का हो?" आम्ही म्हटले, त्या काळी असे विचारीत नसत. तिने आमच्याकडे पाहिले, आणि आम्हांस शाळेचा कागद आठवला.

आता ह्याच तालुक्यातली अगदी अलीकडची गोष्ट. चन्नरायपट्टण होबळीतल्या तेरा गावांची १,७७७ एकर जमीन विमानविद्येच्या आणि संरक्षण-साहित्याच्या कारखान्यांसाठी घेण्याचे घाटत होते. हे भूसंपादन कर्नाटकाच्या १९६६ च्या कायद्याखालचे. ४ एप्रिल २०२२ रोजी शेतकरी धरणे धरून बसले. १५ जुलै २०२५ रोजी मुख्यमंत्र्यांनी बेत सोडून दिल्याचे जाहीर केले, आणि ज्यांना राजीखुशीने जमीन द्यावयाची असेल त्यांनी द्यावी असे सांगितले. मधले दिवस १,१९८. कादंबऱ्यांचा संकेत येथे पार उलटला. झुंज दिली ती सज्ञानांनी. ह्या लोकांनी सही करण्याचे नाकारले, आणि तेही सव्वातीन वर्षे. पहिल्या दिवशी जे पोर पंधरा वर्षांचे होते, ते ह्या धरण्याच्या काळातच सज्ञान झाले. ते सज्ञान होईपर्यंत त्याच्या वाटची जमीन कोणी लिहून दिलेली नव्हती, एवढे तरी त्याला मिळाले. पुढे तो ती ठेवो की विको.

असे नेहमी होत नाही हे मराठी माणसास मुळशीवरून ठाऊक आहे. १९२१ साली टाटांच्या कंपनीच्या धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी सरकारने कायद्याने घेतल्या. सेनापती बापट व त्यांचे सहकारी पुढे झाले. तीन वर्षे सत्याग्रह चालला. धरण झालेच, आणि मुंबईला वीज मिळाली. तेथल्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या. सावकाराला मोबदला हवा होता, मावळ्याला भाताचे खाचर हवे होते. सही ज्याची चालते आणि पोट ज्याचे चालते, ते दोघे निराळे असले की काय होते, ह्याचा तो धडा आहे. २०१३ च्या भूसंपादनाच्या केंद्रीय कायद्याने खाजगी कंपनीसाठी जमीन घेताना बाधित कुटुंबांपैकी ऐंशी टक्क्यांची संमती लागेल असे म्हटले आणि अठरा पुऱ्या झालेल्या अपत्यास स्वतंत्र कुटुंब मानले. सतरा वर्षांच्या मुलाची संमती बापाच्या संमतीतच मोजली जाते.

येथवर लेख लिहून आम्ही बंडखोरांच्या बाजूला जाऊन बसलो आहोत असे वाचकांस वाटत असेल, तर ते खरे नाही. आमच्या घरमालकांनी विमानतळ होण्याच्या आधी आपली जमीन विकली. विमानतळ २००८ साली सुरू झाला. आलेल्या पैशांतून त्यांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या. आम्ही राहतो ती त्यांतलीच एक. परसात पपनसाची चार झाडे राखली आहेत. येथले पपनस नावाजलेले आहे; दर दिवाळीला ते आम्हांस एक देतात. विक्रीच्या वेळी त्यांचा मुलगा सोळा वर्षांचा होता. त्याला विचारले होते का, असे आम्ही एकदा भीत भीत म्हटले. "त्याला काय विचारायचे? लहान होता," म्हातारा म्हणाला. तो मुलगा आता आमच्याच वयाचा आहे, विमानतळाच्या रस्त्यावर टॅक्सी चालवितो आणि खाऊनपिऊन सुखी आहे. नांगर धरावा लागला नाही ह्याचे त्याला दुःख असल्याचे आम्हांस कधी दिसले नाही. आणि आम्ही तरी कोण? आमच्या वडिलांच्या वाट्याची शेती गावी पडीक आहे. आम्ही परीक्षा देऊन सरकारी खुर्चीत आलो ते मातीच्या ओढीने नव्हे. मुलाला विचारले असते तर त्याने 'विका' असेच सांगितले असते, हा पुरा संभव आहे. मग न विचारण्याने बिघडले काय?

ह्या प्रश्नाशी आम्ही पुष्कळ दिवस अडलो. विचारून 'हो' आले असते म्हणून न विचारणे क्षम्य ठरते का? जुन्या दस्तांत एक ठरलेले वाक्य असे: अक्कलहुशारीने, राजीखुशीने, नशापाणी न करता लिहून दिले. हे वाक्य लिहून देणारा स्वतःविषयी देऊ शकतो. दुसऱ्याच्या राजीखुशीची ग्वाही तो कशी देणार? पालक म्हणून आम्ही शाळेच्या कागदावर नेमके हेच करतो. मुलीची नजर खिडकीबाहेर किती वेळ जाते हे एका अनोळखी मंडळीने मोजावे, ह्याला आमची खुशी आहे. पण नजर तर आमची नव्हे!

तर मग सही नाकारावी. इथे मात्र व्हायोलेटचे वडील आमच्यासमोर उभे राहतात. त्यांनी सही केली ती भीतीने, आणि ती भीती खोटी नव्हती. आम्ही सही केली नाही तर वर्गात एकट्या आमच्या भाचीपुढे यंत्र नसेल. शिक्षक ओशाळून तिला छापील कागद देतील. परीक्षेची तयारी यंत्रावर, ती मागे पडेल. आणि तिच्या वहीवर मामाच्या तत्त्वनिष्ठेची किंमत मांडली जाईल. सही करून आम्ही तिची नजर दुसऱ्यास दिली, सही न करून तिचे वर्ष. दोन्हीकडे देणारे आम्ही आणि चुकविणारी ती. 'तूच ठरव' असे म्हणावे तर ती आणखी सोयीची पळवाट. पंधरा वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर बंड ठेवून आपण कौतुकाने पाहत बसायचे! ह्या कादंबऱ्या मोठ्या माणसांनाही इतक्या का आवडतात ह्याचे एक कारण आम्हांस येथे सापडले, आणि ते फारसे भूषणावह नाही. मुले लढत असली की आपण न वाचता केलेल्या सह्या विसरता येतात.

शेवटी आम्ही आमच्या पेशाला साजेल तेच केले. भाचीला शेजारी बसवून अकराही पाने पुन्हा वाचली. तिला कोणती गोष्ट चालेल आणि कोणती नाही हे एकेका कलमापुढे पेन्सिलीने मांडले. अभ्यासात कोठे अडते हे शिक्षकांना कळलेले तिला चालत होते. किंबहुना हवेच होते. नजरेचे मोजमाप नको होते. 'सहयोगी संस्था' कोण, हे तिला जाणून घ्यायचे होते. मग कार्यालयीन पद्धतीने आम्ही शेरा मारला: 'कलम ४ व ७ बाबत खुलासा व्हावा, कलम ९ वगळल्यास उर्वरित कलमांस संमती देता येईल.' खाली आमची सही, दिनांकासह. विद्यार्थिनीच्या सहीला कागदावर जागाच नव्हती. तिने समासात आपले नाव घातले. कायद्याने ते शून्य आहे हे आम्ही तिला सांगितले. तिचे समाधान झाले नाही. कॅटनिसने शेरा मारला नसता, असे तिचे म्हणणे पडले.

दोन दिवसांनी शाळेच्या कार्यालयातून दूरध्वनी आला. पलीकडचे गृहस्थ आमच्यासारखेच कारकून असावेत. आवाज मवाळ, किंचित थकलेला. "सर, सगळ्या पालकांच्या सह्या झाल्या आहेत. एकट्या तुमचाच कागद राहिला आहे." हा सूर आमच्या ओळखीचा होता. गेली बारा वर्षे आम्ही स्वतः तो रोज लावीत आलो आहोत. खुलासा आला का, असे आम्ही विचारले. कंपनीला लिहितो, असे ते म्हणाले, आणि सोमवारपर्यंतची मुदत दिली.